शुश्रूषेचा भार

रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनानें १९०९ नंतर विधवा भगिनींना ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण देवविलें, तेव्हां पुष्कळ पांढरपेशा घरांनीं नाकें मुरडलीं. आज बारामती-इंदापुराकडे लेक 'सिस्टर' झाली कीं पेढे वाटतात. तिच्या कामाचें ओझें मात्र कोणी विचारीत नाहीं. सामान्य रुग्णालयांत पांच खाटांमागें एक परिचारिका असावी, असें भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण आहे. रात्रपाळीस सारा वॉर्ड एकटीवर पडला, म्हणजे तें कागदावरच राहतें. मग तिनें सलाईन बदलावें, नोंदी लिहाव्या, कीं 'डॉक्टर कधीं येणार?' म्हणून डाफरणाऱ्या दहा आप्तांस उत्तरें द्यावीं? (आणि हे आप्त बहुधा आपणच!) रुग्णापाशीं एकानेंच बसावें व विचारावयाचें तें त्यानेंच विचारावें, एवढें तरी घरून ठरवून जावें.