बॉयलरची नोंद होते, बाईच्या देहातील जाळीची का नाही?

तारापूर औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक असतो आणि ठरावीक मुदतीने त्याची तपासणी करून घेणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र त्याच बोईसर-पालघर पट्ट्यातील श्रमिक स्त्रीच्या ओटीपोटात कृत्रिम जाळी बसविली गेली, तर ती कोणत्या कंपनीची व कोणत्या क्रमांकाची, हे सांगणारा कागद तिच्या हाती पडेलच याची हमी कोण देणार?

कोवळ्या वयातील व लागोपाठची बाळंतपणे आणि ओली बाळंतीण असतानाच डोक्यावर चढणारे विटांचे, लाकडांचे, हंड्यांचे ओझे यांमुळे गर्भाशयाचा आधार सैल पडतो. खेड्यापाड्यांतील बाया याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात आणि लाजेपोटी वर्षानुवर्षे सोसतात. यावर उपाय म्हणून योनिमार्गातून पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसविण्याची पद्धत जगभर फैलावली. गोण्या विणल्या जातात त्याच जातीचे हे प्लास्टिक. काही स्त्रियांत ही जाळी योनीत वा मूत्राशयात घुसते; रक्तस्राव, जंतुसंसर्ग व सततच्या वेदना मागे लागतात. शरीराचे मांस तिच्या छिद्रांतून वाढलेले असल्याने ती पुरती काढणेही दुष्कर ठरते.

पीडित स्त्रिया संघटित झाल्या तेव्हाच सरकारे हलली. अंग बाहेर येण्यावरील अशा जाळ्यांना ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये मनाई केली, तर अमेरिकेने एप्रिल २०१९ मध्ये त्यांची विक्री थांबविली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील कंपन्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले. सर्वच जाळ्या त्याज्य आहेत असे नव्हे. पोटातून बसविल्या जाणाऱ्या जाळ्या आजही वैद्यकास मान्य आहेत. प्रश्न आहे तो उत्तरदायित्वाचा.

वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी योजना भारतात २०१५ पासून आहे आणि रुग्णालाही तीत तक्रार करता येते. परंतु वापी, सिल्वासा वा मुंबईला धाडलेल्या ज्या बाईला आपल्या देहात काय बसविले हेच ठाऊक नाही, तिने तक्रार कशाची करावी?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला तिच्या बोलीत धोके समजावून द्यावेत व जाळीचा तपशील लेखी द्यावा. ग्रामीण रुग्णालयांत अशा स्त्रियांची नोंदवही ठेवून नियमित तपासणी व्हावी. आणि सदोष जाळी काढण्याचा खर्च उत्पादकाने सोसावा.

त्याहून मूलभूत लढा विश्रांतीचा आहे. २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्यात आहे. वीटभट्टीवर ती पोचलेली नाही. ती पोचेपर्यंत अंग बाहेर येतच राहील आणि जाळ्यांचा बाजार चालूच राहील.