पट्ट्याला बाराचा फासा कशाला?

टेबलावर दांडपट्टा आला की आपली पोरं हट्टाला पेटतात : 'आपला पट्टा आहे, बारा बाजूंचा फासा द्या!' डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत एका हाताने चालवलेल्या लाँगस्वोर्डला आठचा फासा मिळतो. मग पट्ट्याला बारा का? हा अभिमान नाही, आळस आहे. सगळेच पट्टा घेतात, भाला अडगळीत जातो, खेळ मरतो.

पट्टा चालतो कसा ते बघा. मुठीवरचं लोखंडी आवरण कोपराखालचा हात झाकतं, मनगट वळत नाही. घुमवायचा तो खांद्यातून. मोकळ्यावर चौघांना लांब ठेवेल, बोळात भिंतीला अडकेल. नियमही तसाच हवा : फासा आठचाच, घेरले गेलात तर फायदा, अरुंद जागेत तोटा. विटा फेकून दोरीने परत ओढता येतो. त्याला तो गुण द्या.

१० ऑगस्ट १७६३. आपल्याच बीड जिल्ह्यातलं राक्षसभुवन. निजाम गोदावरीपार गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला. माधवराव पेशव्यांनी तिथेच गाठलं; दिवाण पडला. ती लढाई कुठल्या एका शस्त्राने नाही, नदीने आणि वेळेने फिरवली.

म्हणून नकाशावर आधी गोदावरी काढा. फासा मग टाका.