क्रम लावायचा, पण कोणता?

"जावईबापू तिकडे बँकेच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेमकं करतात तरी काय?" भारतातून येणाऱ्या आईबाबांचा हा प्रश्न आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांना ओळखीचा आहे. त्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे मेनफ्रेमवरच्या फायली क्रमाने लावणं, सॉर्टिंग. यंदा त्याविषयी.

शिक्षिकेला क्रम म्हटलं की हजेरीपट आठवतो. कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील हा आपला क्रम. इंग्रजीत देशपांडे पहिले येतात आणि कुलकर्णी तिसरे. जपानी शाळेच्या पटावर मात्र पुन्हा आपलाच क्रम लागतो! जपानी अक्षरांची अ, क, स, त, न, ह, म, य, र, व ही मांडणी बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आली, असं मानतात. त्यात 'ज' हा 'स'च्या ओळीत बसतो आणि 'प' हा 'ह'च्या.

यंत्राला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला दिसतात फक्त बाइट. आयबीएमच्या एब्सिडिक संकेतांत ८१ हा बाइट अमेरिकन कोष्टकात लहान लिपीतला 'ए' असतो, तर जपानी कोष्टकात काताकानातला 'अ'.

खरी मेख आकड्यांत आहे. 'पॅक्ड' प्रकारात एका बाइटमध्ये दोन अंक मावतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. 'झोन्ड' प्रकारात चिन्ह शेवटच्या अंकातच मिसळलेलं असतं. त्यामुळे उणे १२३ हा आकडा मजकूर म्हणून वाचला तर '१२एल' दिसतो. अशा रकमा मजकूर समजून चढत्या क्रमाने लावल्या, तर उणे ९०० येन हे अधिक १०० येनच्या खाली जातात. काम विनातक्रार पूर्ण होतं, यादी मात्र चुकीची! म्हणून डीएफसॉर्टला प्रत्येक रकान्याबद्दल चार गोष्टी सांगतात: सुरुवात कुठे, लांबी किती, प्रकार कोणता (मजकूर सीएच, झोन्ड झेडडी, पॅक्ड पीडी) आणि क्रम चढता की उतरता.

याचा आपल्या पगाराशीही संबंध आहे. बँकेला पगाराची फाइल ज्या 'झेंगिन' साच्यात जाते, त्यात प्रत्येक ओळ १२० बाइटची आणि नाव अर्ध्या रुंदीच्या काताकानात असतं. तिथे 'दे' म्हणजे 'ते' आणि वर एक वेगळं चिन्ह, अशा दोन जागा जातात. छोटा 'यु' मोठा लिहावा लागतो. 'देशपांडे' एवढ्याशा नावाला ९ जागा लागतात! नाव खात्याशी जुळलं नाही तर पैसे परत जाऊ शकतात. नव्याने आलेल्यांनी म्हणूनच ऑफिसच्या फॉर्मवर नाव उच्चारावरून लिहू नये, पासबुकावरचं काताकाना जसंच्या तसं उतरवावं.

मुलांसाठी मराठी शब्दांची यादी करणाऱ्यांसाठीही एक सूचना. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. नुसत्या संकेतांवरून क्रम लावला तर 'माळ' आधी आणि 'मावशी' नंतर येते. आपल्या वर्णक्रमाप्रमाणे मावशी आधी हवी. तेव्हा यादी लावताना भाषा मराठी निवडली आहे ना, एवढं जरूर पाहा.

दिवाळीच्या शुभेच्छा!