यंदा चूल घरीच ठेवली

परीक्षा संपल्या की घरोघरी काश्मीरचा विषय निघतो. गुलमर्ग हिवाळ्यात बर्फावरच्या स्कीइंगसाठी नावाजलेले. उन्हाळ्यात तिथला बर्फ वितळला की त्याच उतारांवर हिरवळ आणि रानफुले येतात. केबल कारने अफरवटकडे जाता येते, पायीही भरपूर हिंडता येते. अल्लाहने ऐपत दिली तर जरूर जावे. पण सोनाळ्याहून रोज दिसणारा सातपुडा आमच्या घरातल्या बायकांनी कधी पाहिला होता का? खरे सांगायचे तर नाही.

सहली झाल्या नव्हत्या असे नाही. मागच्या उन्हाळ्यात हिवरखेड, अकोट, पोपटखेड करत आम्ही नरनाळ्याला गेलो. पायथ्याजवळ ओळखीच्या शेतात चूल मांडली, डेग चढवली. पुरुष आणि पोरे किल्ला पाहून आली. अम्मी, भाभी आणि मुली कांदे चिरत, भांडी घासत खालीच राहिल्या. परतताना धाकट्या भाचीने विचारले, "मामू, वर काय होते?" आमची मान खाली गेली.

यंदा चूल घरीच ठेवली. रात्रीच पोळ्या, सुकी चटणी, उकडलेली अंडी बांधली, पाण्याचे कॅन भरले आणि फजरची नमाज पढून निघालो. शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना गाडीने वर नेले.

नरनाळा समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच. नरनाळा, जाफराबाद आणि तेलियागड असे तीन किल्ले मिळून हा गड होतो. वर तलाव आहेत, राणीमहाल आहे, नवगज तोफ आहे. पण पाय खिळतात ते महाकाली दरवाजापाशी. बहमनी काळात, 1487 मध्ये, फत्हुल्लाह इमाद-उल-मुल्कने तो बांधवला. हेच पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचे संस्थापक. दगडात कमळेही कोरली आहेत आणि अरबी लेखही. दोन्ही बाजूंना दगडी जाळीचे सज्जे.

अम्मी बराच वेळ लेखासमोर उभ्या होत्या. अक्षरे ओळखीची, पण वळणे अशी की सलग वाचता येईना. शेवटी एवढेच म्हणाल्या, "इतकी वर्षे इतक्या जवळ होते, आणि कुणी दाखवले नाही." त्या आम्हाला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे; प्रवेशाचे दिवस आणि वेळा आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, सावली विरळ होते. म्हणून चालणे सकाळी दहाच्या आत उरका. वाळलेल्या पाचोळ्याला ठिणगी पुरते, तेव्हा वर चूल नको, विडी-सिगारेटही नको. प्लास्टिक परत आणा आणि पाचशे वर्षांच्या दगडावर आपले नाव कोरू नका.

जोहरला आम्ही खाली होतो. थंड पोळ्यांबद्दल कुणी कुरकुर केली नाही. भाची मात्र सबंध वाटेत बोलत होती. तिला आता कुणाला काही विचारायचे नव्हते, सांगायचे होते.

तुमच्या घरची सहल ठरेल तेव्हा जेवणाच्या आधी एक गोष्ट ठरवा: यंदा खाली कुणीही राहणार नाही.