नाव ठेवण्याआधीच शिक्षा

फुकट खाणाऱ्या माणसाला आपण मराठीत ‘बांडगूळ’ म्हणतो, उर्दूत ‘मुफ्तखोर’. विज्ञानाच्या पुस्तकात त्यासाठी ‘परोपजीवी’ असा साधा शब्द आहे. पण तो ऐकतानाही आपल्या मनात तिरस्कारच असतो. या वेळी अशाच एका परोपजीवी माशाची हकीकत सांगते.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेकडच्या उतारावर मिलर नावाचे सरोवर आहे. त्यात एक लॅम्प्रे राहत होता. लॅम्प्रे दिसायला वाम माशासारखा लांबट. त्याला जबडा नसतो, खवले नसतात, हाडेही नसतात. सांगाडा सगळा कूर्चेचा. तोंड गोल, आत टोकदार दात. त्या तोंडाने तो दुसऱ्या माशाला चिकटतो आणि त्याचे रक्त-मांस खातो. काही लॅम्प्रे हातभर वाढतात. मिलर सरोवरातला मात्र जेमतेम १० सेंटिमीटरचा, म्हणजे बोटाएवढा. परोपजीवी लॅम्प्रेंमध्ये हा जगात सर्वांत लहान.

पण तो जन्मभर असा चिकटून जगत नाही. आयुष्याची बहुतेक वर्षे त्याची अळी तळाच्या गाळात स्वतःला पुरून घेते आणि पाण्यातले बारीक कण गाळून खाते. तेव्हा तिला दात नसतात. दुसऱ्या माशावर जगण्याचे दिवस शेवटचे आणि थोडेच. अंडी घातली की तो मरतो.

या सरोवरात गळाने मासे धरणाऱ्या शौकिनांसाठी ट्राउट मासे आणून सोडले जात. लॅम्प्रे त्यांना चिकटू लागले. पकडलेल्या ट्राउटच्या अंगावर जखमा दिसत. तक्रार वाढली आणि १९५८ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिकार व मत्स्य खात्याने सरोवरात टॉक्साफीन नावाचे कीटकनाशक ओतले. कापसाच्या पिकावर तेव्हा फवारत असत ते हे विष. लॅम्प्रे परत येऊ नये म्हणून सरोवरातून निघणाऱ्या ओढ्यावर अडथळाही बांधला.

आता पुढची गोष्ट पाहा. १९७३ मध्ये कार्ल बाँड आणि टिंग कान या दोन अभ्यासकांनी जपून ठेवलेले जुने नमुने तपासले, तेव्हा कळले की ही तर स्वतंत्र जात आहे. त्यांनी तिला ‘मिनिमा’ म्हणजे सर्वांत लहान असे नाव दिले. नाव मिळाले ते विषप्रयोगानंतर १५ वर्षांनी, आणि तेही नामशेष झालेला जीव म्हणून. शिक्षा आधी झाली, ओळख नंतर.

सुदैवाने गोष्ट इथे संपली नाही. १९९२ मध्ये जवळच्याच विल्यमसन नदीच्या वरच्या भागात एक छोटा लॅम्प्रे सापडला. तपासणीत तो ‘मिनिमा’च निघाला. पुढे सायकन नदीच्या वरच्या प्रवाहातही तो मिळाला. ज्या सरकारी यंत्रणेने त्याला संपवायचे ठरवले होते, तिनेच २००५ मध्ये ओढ्यावरचा अडथळा काढला आणि २०१० मध्ये लॅम्प्रे पुन्हा मिलर सरोवरात सोडले.

माझे म्हणणे असे नाही की डासांनाही अभय द्यावे. आजार पसरवणाऱ्या जीवांचा बंदोबस्त करावाच लागतो. पण इथे आजार नव्हता, भूक नव्हती. होती ती फक्त शौकाच्या माशांवरची जखम. आणि ते ट्राउटही बाहेरून आणलेले. पाहुण्यासाठी घरच्यालाच बाहेर काढण्यासारखे झाले.

घरात मूल एखादा जीव दाखवून विचारते, “याचा काय उपयोग?” तेव्हा उत्तर देण्याची घाई करू नका. त्याचे नाव काय, तो काय खातो, कुठे राहतो, हे आधी दोघांनी मिळून शोधा. मिलर सरोवराच्या काठावर हे प्रश्न १९५८ मध्ये कोणी विचारले असते, तर त्या माशाला आपल्या घरी परतायला ५२ वर्षे लागली नसती.