धंदा बदलणाऱ्याच्या हाती किल्ली कोण देणार?

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी १३ हजार कोटी रुपये आणि १८ व्यवसाय असा तिचा पसारा आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांच्या रांगेत कुलूप बनवणाराही आहे. पात्र ठरणाऱ्यास ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, १५ हजार रुपयांपर्यंतची अवजारे आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळते. कर्जाचा पहिला हप्ता १ लाखाचा, दुसरा २ लाखांचा. वाचणाऱ्याला वाटेल, यापेक्षा आणखी काय हवे?

पण योजनेतील आकडे मोठ्या अक्षरात छापले जातात आणि माणूस आत जाणार की बाहेर राहणार हे पात्रतेच्या एका ओळीत ठरते. ती ओळ सांगते की, अर्जदार 'कुटुंबाधारित पारंपरिक' व्यवसायात स्वयंरोजगारावर गुंतलेला हवा आणि नोंदणीच्या दिवशी तो ते काम करीत असला पाहिजे. योजनेत जातीचे नाव कुठेही नाही, हे मान्य. परंतु या देशात 'कुटुंबाचा पारंपरिक धंदा' म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

समजा, रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतील कंत्राटी काम सुटलेला पस्तिशीचा एक तरुण आहे. पुन्हा कंत्राटदाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा चावीवाला व्हावे, असे त्याने ठरवले. त्याच्या घरात हा धंदा कुणी केला नाही आणि आज तोही करीत नाही. म्हणजे ज्याला शिकायचे आहे, त्याला शिकण्याआधी कारागीर असणे भाग आहे! जो धंद्यात आहे त्याला टिकवण्यासाठी ही योजना आहे. जो धंदा बदलू पाहतो त्याच्यासाठी तिच्यात दार नाही.

वास्तविक पाहता कोकणात या कामाची गरज डोळ्यांना दिसते. चाकरमान्यांची घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, बाकीचे महिने दाराला कुलूप. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी ते कुलूप गंजते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी किल्ली फिरत नाही. शहरात नवे फ्लॅट, गणपतीपुळ्याकडे लॉज, बाजारात दुकानांची शटरे, रस्त्यावर गाड्या. हे सगळे किल्लीवर चालते.

शिवाय हा धंदा गावगाड्याच्या बाहेरचा आहे. बारा बलुतेदारांच्या यादीत चावीवाल्याला स्थान नाही. पिनांच्या कुलपात प्रत्येक पिन किल्लीच्या खाचेवर नेमक्या उंचीला आली तरच आतला गोल फिरतो. कोरी किल्ली आत घालून तिच्यावर उमटलेल्या खुणा ओळखायच्या आणि कानशीने केसाएवढे घासायचे, हे काम डोळ्याचे, बोटांचे आणि सबुरीचे आहे. गाडीच्या नव्या किल्लीत चिप असते, तिथे यंत्राची ओळख लागते. यात पूर्वजांच्या पुण्याईचा संबंध येतो कुठे? आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतलेला मुलगा कानस चालवणे आणि माप घेणे शिकलेलाच असतो.

धंदा वंशाला बांधण्याचा अनुभव आमच्या समाजाइतका कुणाला आहे? १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महारकी कायद्याच्या चौकटीत बसवली. सरकारी सारा डोक्यावरून तालुक्याला पोहोचवायचा तो महाराने, गावाची राखण करायची ती महाराने, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची तीही महाराने. खजिन्यासाठी विश्वासू, पण उंबऱ्याच्या आत मज्जाव! या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. ती वतने कायद्याने संपली १९५८ च्या निर्मूलन कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांना तरी धंदा निवडता आला का? जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तिथे विटाळ आड येई. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेची जी चिकित्सा केली, तिचा एक धागा हाच आहे. जात ही कामाची नव्हे तर कामगारांची विभागणी आहे, ती धंदा बदलू देत नाही आणि म्हणून ती बेकारीचे कारण बनते. बेकार तरुणाला 'तुझ्या घरचा धंदा कर' असे सांगणारी प्रत्येक योजना या कसोटीवर तपासली पाहिजे.

उलट, धंदा बदलण्याची मुभा मिळाली तर काय घडते, याचे उदाहरण कुलपाच्याच धंद्यात आहे. अर्देशीर गोदरेज हे व्यवसायाने वकील. त्यांनी वकिली सोडली आणि शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायला घेतली. तो धंदा बुडाला. त्यानंतर १८९७ साली मुंबईत लालबागच्या एका शेडमध्ये त्यांनी कुलपे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. पण पहिला धंदा बुडाल्यावरही मेरवानजी कामा या कुटुंबाच्या परिचिताने त्यांना पुन्हा पैसे दिले, ही गोष्ट विसरू नये. आमच्या तरुणाचा पहिला प्रयत्न फसला की बँक त्याला थकबाकीदार म्हणते आणि दुसरी संधी तिथेच संपते. धंदा बदलायला हिंमत लागतेच, पण फसल्यावर पुन्हा उभे करणारे भांडवलही लागते.

चावीवाल्याचे दुसरे भांडवल म्हणजे विश्वास. त्याला घराच्या आत, कपाटापर्यंत न्यावे लागते. आडनाव ऐकून आणि वाडी विचारून दार उघडणाऱ्या समाजात हे भांडवल सर्वांना सारखे मिळत नाही. देशभर पदपथांवर किल्ल्या बनवणाऱ्यांत शिकलीगर शीख पुष्कळ आहेत. मूळचा हा शस्त्रे घडवणारा समाज. पण चोरी झाली की पहिला संशय अशाच माणसावर जातो. म्हणून या धंद्यात येणाऱ्याने किल्ली मागणाऱ्याची ओळख तपासून वहीत नोंद ठेवावी, सही घ्यावी. ती वही उद्या पोलीस ठाण्यात त्याचा पुरावा ठरेल.

कुणी म्हणेल, योजना सर्वांना खुली केली तर मूळ कारागिरांचे काय? त्यांचा वाटा राहू द्या, नवागतांसाठी वेगळी तरतूद करा. तामिळनाडूने हा मुद्दा उचलला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील तत्कालीन सरकारने केंद्राला कळवले की, आहे त्या स्वरूपात ही योजना आम्ही राबवणार नाही. कौटुंबिक धंद्याची अट काढा आणि किमान वय १८ ऐवजी ३५ करा, म्हणजे पोरे शाळा सोडून बापाच्या धंद्याला जुंपली जाणार नाहीत, ही त्यांची मागणी होती. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली होती आणि लोकांच्या विरोधामुळे १९५४ साली ती मागे घ्यावी लागली, याची तिथे आठवण होती. महाराष्ट्र तर फुले-आंबेडकरांचा. इथे हा प्रश्न एवढ्या जोराने का विचारला गेला नाही?

संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (छ) ने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा केवळ माल विकणाऱ्यापुरता नाही. रस्त्यावर सेवा देणाराही त्यात येतो, म्हणजे पदपथावरचा चावीवालाही. नगरपरिषदेच्या सर्वेक्षणात त्याने नाव नोंदवावे. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने या धंद्यासाठी आयटीआयमार्फत काही महिन्यांचे प्रशिक्षण आणि बीजभांडवल द्यावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आणि एक काम आजच करता येईल. विश्वकर्मा योजनेची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते. रत्नागिरी जिल्ह्यात कुलूप व्यवसायासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, हे माहितीच्या अधिकारात विचारा. 'घरचा धंदा नाही' हे कारण एखाद्या कागदावर लेखी मिळाले, तर तो कागद जपून ठेवा. न्यायालयात त्याचा उपयोग होईल.