मूत्रपिंडाभोवतीचे आवरण आणि अहवालातील एक ओळ



पोटाच्या सीटी स्कॅनचा अहवाल बहुधा ज्येष्ठांच्या नव्हे, तर त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या हाती पडतो. अंधेरी असो वा बोरिवली, मुलुंड असो वा घाटकोपर, तपासणी केंद्रातून मिळालेले ते मोठे पाकीट रिक्षातच उघडले जाते आणि दृष्टी एका ओळीवर खिळते : ‘पेरिनेफ्रिक फॅट स्ट्रँडिंग’. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी असते; तोवर घरात कोणाला स्वस्थ झोप लागत नाही. या ओळीचा अर्थ आज समजून घेऊ.

आपली मूत्रपिंडे पोटाच्या मागील भागात, शेवटच्या बरगड्यांच्या आड, कण्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यांची मांडणी हापूसच्या पेटीसारखी आहे. आंब्याला जशी साल, तसा मूत्रपिंडाला स्वतःचा पातळ, चिवट कोष असतो. पेटीतील पेंढ्याप्रमाणे त्याभोवती मेदाचा मऊ थर असतो. तो धक्के सोसतो आणि मूत्रपिंडाला जागेवर आधार देतो. या मेदाला सर्व बाजूंनी वेढणारे संयोजी ऊतकाचे आवरण म्हणजे जणू ती पेटी. तिच्या बाहेर मेदाचा आणखी एक थर असतो. मात्र ही पेटी ताठ नसते. श्वासागणिक मूत्रपिंड किंचित खाली-वर सरकते.

या आवरणाचा मागील पदर एमिल झुकरकांडल यांनी १८८३ मध्ये वर्णिला. पुढील पदराचे वर्णन रुमानियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ दिमित्री गेरोटा यांनी १८९५ मध्ये केले. म्हणून अहवालात ‘गेरोटाज फॅशिया’ असा उल्लेख येतो. योगायोग असा, की त्याच वर्षी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. परंतु हे नाजूक पदर साध्या क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाहीत. त्यासाठी सीटी स्कॅनची वाट पाहावी लागली. लंडनमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन १९७१ मध्ये झाला.

सीटीच्या चित्रात मेद काळसर दिसतो, तर पाणी, रक्त, पू हे त्याहून उजळ दिसतात. मूत्रपिंडाभोवतीच्या काळसर मेदात करड्या रेषा दिसू लागल्या, की तज्ज्ञ ‘स्ट्रँडिंग’ असे लिहितात. पेंढा ओलसर झाला आहे, एवढेच ते सांगतात. आता पावसाळी हवेनेही पेंढा दमट होतो आणि आतला आंबा नासल्यानेही तो भिजतो. म्हणून ही ओळ म्हणजे रोगाचे नाव नव्हे. ते केवळ एक निरीक्षण आहे.

उतारवयात अशा रेषा दोन्ही बाजूंस सारख्याच प्रमाणात दिसणे नवलाचे नाही. ताप नाही, वेदना नाही, लघवीची तपासणी व क्रिएटिनिन नेहमीसारखे आहे आणि जुन्या स्कॅनमध्येही रेषा तशाच होत्या, तर बहुधा काळजीचे कारण नसते. तरीही अहवाल डॉक्टरांना दाखवावाच.

रेषा एकाच बाजूस असतील आणि सोबत त्रासही असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मुतखड्याने मार्ग अडल्यास आतील दाब वाढतो आणि लघवीचा काही अंश मेदात झिरपू शकतो. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला, तर केवळ प्रतिजैविके पुरत नाहीत. स्टेंट किंवा नळी घालून तुंबलेली लघवी तातडीने बाहेर काढावी लागते. मधुमेही व्यक्तींमध्ये आवरणाच्या आत पू साठू शकतो, क्वचित जंतूंमुळे वायूही तयार होतो. असा वायू सीटीत स्पष्ट दिसतो आणि तो दिसला, तर एक दिवसही दवडणे परवडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे ज्येष्ठ घरात घसरून पडले, तर याच जागेत रक्त साकळू शकते. वरून साधा वळही दिसत नाही.

खरी अडचण अशी, की वृद्धापकाळी लक्षणे फसवी असतात. जंतुसंसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. पू मागील स्नायूपर्यंत पोहोचला, तर दुखणे कंबरेत किंवा मांडीत जाणवते, पाय सरळ करताना कळ येते आणि घरचे ‘वयाची कंबरदुखी’ म्हणून मलम चोळत राहतात. अशा वेळी परस्पर वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्यांपैकी अनेक मूत्रपिंडास अपाय करतात.

पुढील लक्षणे दिसल्यास भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नये : थंडी वाजून ताप, एका कुशीत तीव्र वेदना, लघवी अगदी कमी होणे, सतत उलट्या, अचानक असंबद्ध बोलणे किंवा ग्लानी, तसेच पडल्यानंतर कुशीत वाढत जाणारे दुखणे. तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहन नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. लघवीतून रक्त गेले, तर वेदना नसली तरी तपासणी टाळू नये.

डॉक्टरांकडे जाताना केवळ अहवाल नव्हे, तर चित्रांची सीडी, जुने स्कॅन, लघवी व क्रिएटिनिनचे निष्कर्ष आणि चालू औषधांची यादी न्यावी. शिरेतून रंगद्रव्य देऊन स्कॅन करायचा असल्यास मधुमेहाच्या गोळ्यांविषयी, विशेषतः मेटफॉर्मिनविषयी, आधीच सांगावे. गोळी मनाने बंद करू नये. जुनी चित्रे जपून ठेवली, तर पुनःपुन्हा स्कॅन करण्याची वेळ टळू शकते. किरणोत्सर्गाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. सीटी यंत्र चालवण्यासाठी आपल्याच उपनगरातील, अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, तो याचसाठी.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : रेषा एका बाजूस आहेत की दोन्ही? पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत का? रुग्णाच्या लक्षणांशी त्या जुळतात का? त्या एका ओळीचा अर्थ या तीन उत्तरांत आहे. स्कॅन पेंढ्याची अवस्था दाखवतो. आंब्याची पारख मात्र समोरच्या माणसाला पाहूनच करावी लागते.